खाली उतरून भेटायचा देव

बालमित्रांनो, देवाला भेटायचं म्हणजे वर चढायचं, हे आपल्या डोक्यात अगदी पक्कं बसलेलं असतं. जेजुरीला पायऱ्या, सप्तशृंगीला पायऱ्या. आमच्या पैनगंगेपलीकडच्या माहूरला रेणुकामातेचं दर्शन घ्यायचं, तरी गड चढावा लागतो. धापा टाकत वर पोहोचायचं, घंटा वाजवायची आणि मग खाली वाकून पाहायचं. केवढीशी दिसतात माणसं!

पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एक देव असा आहे, की त्याला भेटायला खाली उतरावं लागतं. थेट जमिनीच्या पोटात. विहिरीत उतरतात ना, अगदी तसं! त्याचं नाव चिंतामणी आणि गावाचं नाव कळंब. आज तुम्हाला तिथेच घेऊन जायचं आहे. सोबत आमच्या शाळेची तिसरी-चौथीची मुलं आहेत. आणि खिडकीजवळ बसलेला एक मुलगा आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. महागाव तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे. दोन खोल्या, एक वऱ्हांडा, कडुनिंबाचं झाड आणि मागे नाला. उन्हाळ्यात हा नाला इतका कोरडा असतो, की मुलं त्यात क्रिकेट खेळतात. पण २०२३ सालच्या जुलै महिन्यात त्याने आपलं दुसरं रूप दाखवलं. २२ जुलैचा तो शनिवार आमच्या भागातलं कुणी विसरणार नाही. रात्रभर पाऊस कोसळला. नदी-नाले एक झाले. आमच्याच तालुक्यातल्या आनंदनगर या गावात माणसं पुराच्या वेढ्यात अडकली. त्यांच्या मदतीसाठी बचाव पथकं धावली आणि त्यांनी माणसांना सुखरूप बाहेर काढलं. आमच्या गावातली नाल्याकाठची घरं रिकामी झाली. शाळा थोडी उंचावर आहे, म्हणून सगळे शाळेत आले. लहान पोरं, म्हातारी माणसं, शेळ्या, कोंबड्या, एक मांजरसुद्धा! ज्या फळ्यावर मी बेरजा लिहितो, त्याला टेकून एक आजी रात्रभर नाव घेत बसली होती.

सकाळी पाणी ओसरलं. माणसं वाचली होती. पण नाल्याकाठची वावरं खरडून गेली होती. खरडून जाणं म्हणजे काय, ठाऊक आहे? पीक वाहून गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. पण इथे वरची काळी मातीच वाहून जाते आणि खाली उरतात दगडगोटे. त्या खिडकीजवळच्या मुलाच्या वडिलांचं वावर असंच खरडलं. गुडघ्याएवढी झालेली पऱ्हाटी गेली आणि जमीनही गेली.

डिसेंबरात सहल ठरली. त्या मुलाचं नाव यादीत नव्हतं. मी काही बोललो नाही. एके दिवशी त्याची आजी शाळेत आली. लुगड्याच्या ओच्यातून तिने नोटा आणि नाणी काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, “ने रे बाबा याले. घरात हासणं राह्यलं नाई. पोट्ट्याच्या तोंडावर तरी दिसू दे.”

आणि अशी आमची लालपरी निघाली.

महागावहून कळंबला जायचं म्हणजे जवळजवळ अर्धा जिल्हा पाहणं होतं. नागपूर-तुळजापूर हा मोठा महामार्ग आहे. त्याच रस्त्यावर आधी आर्णी लागतं, मग यवतमाळ आणि पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर कळंब. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. यवतमाळला पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणतात, ते उगाच नाही. ओट्या बांधलेल्या बाया रांगेने वेचणी करत होत्या. मुलांनी खिडकीतून हात हलवले, की त्याही हात हलवायच्या. मधूनच सागाची झाडं लागत. त्यांची मोठमोठी पानं पाहून एक जण म्हणाला, “गुरजी, हे पान तं छत्रीएवढं हाय!”

पहिला थांबा आर्णी. अरुणावती नदीकाठच्या या गावात बाबा कंबलपोष यांचा दर्गा आहे. कंबलपोष म्हणजे कांबळं पांघरणारा. इथे उरूस भरतो, तेव्हा हिंदू-मुसलमान सगळेच येतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने बाकीच्यांना डोक्यावर रुमाल कसा बांधायचा ते दाखवलं. त्या दिवशी तीच आमची गुरुजी! सगळे शांतपणे आत गेले. बाहेर आल्यावर एकीने विचारलं, “गुरजी, इथंही लोक नवस बोलतात, आपल्या देवळातही बोलतात. सगळ्याईले चिंता असते काय?”

मी म्हणालो, “हो गं, सगळ्यांनाच असते.”

खरंच मुलांनो, आमच्या जिल्ह्याचा नकाशा काढा आणि माणसं अडचणीत कुठेकुठे धाव घेतात, तिथे एकेक ठिपका द्या. नकाशा ठिपक्यांनी भरून जाईल. आर्णीचा दर्गा, कळंबचा चिंतामणी. आमच्या भागातले बंजारा बांधव शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला जातात. तिथे संत सेवालाल महाराजांचं स्थान आहे आणि रामनवमीला मोठी यात्रा भरते. दक्षिणेला नदी ओलांडली की माहूर. देव निराळे, वाटा निराळ्या. पण वाटेवरच्या माणसाच्या मनातलं ओझं मात्र सारखंच.

यवतमाळ शहरात थांबून आम्ही शिदोऱ्या सोडल्या. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, पोळी-गूळ असं सगळं एकमेकांत वाटून झालं. तेव्हा मी मुलांना ‘शकुंतला’ची गोष्ट सांगितली. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी लहान रुळांची आगगाडी. इंग्रजांच्या काळात इथला कापूस बाहेर नेण्यासाठी ही गाडी सुरू झाली. इतकी हळू चालायची, की लोक तिच्यावर विनोद करायचे आणि तरी तिच्यावर जीव लावायचे. आता ती बंद आहे. पण कळंबला मात्र नवी रेल्वे आली आहे. आमच्या सहलीनंतर दोनच महिन्यांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, वर्धा ते कळंब हा मोठ्या रुळांचा मार्ग सुरू झाला. हाच मार्ग पुढे यवतमाळवरून नांदेडपर्यंत न्यायचा आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणी वर्ध्याकडचे असाल, तर कळंबला गाडीने जायची हौस फिटवून घ्या.

दुपारी आम्ही कळंबला पोहोचलो. गावाजवळून चक्रावती नदी वाहते. देवळाबाहेर नेहमीसारखीच दुकानं होती. दूर्वांच्या जुड्या, लाल जास्वंद, पेढे, फुटाणे-मुरमुरे. मुलं कळस शोधायला वर बघत होती आणि मी त्यांना खाली बघायला सांगत होतो.

पायऱ्या सुरू झाल्या. देव जमिनीपासून तीस-पस्तीस फूट खाली आहे. प्रत्येकाने पायऱ्या मोजायच्या, असं मी सांगितलं होतं. खाली पोहोचल्यावर उत्तरं आली ती अशी: कुणाच्या अठ्ठावीस, कुणाच्या तीस आणि एकाच्या चौतीस! तो म्हणाला, “मी चप्पल काढाच्या आंधीपासून मोजलं.” आता तुम्ही जाल तेव्हा नीट मोजा आणि खरा आकडा मला कळवा!

जसजसं खाली जावं, तसतसं गार होत जातं. वरचा बाजाराचा आवाज मागे राहतो. दुपारचं ऊन वरच थांबतं. बडबडणारी मुलंही आपोआप हळू बोलू लागली. खाली एक चौकोनी कुंड आहे. त्याला गणेशकुंड म्हणतात. आणि गाभाऱ्यात शेंदराने माखलेला चिंतामणी. विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये हा एक मोठा मानाचा गणपती आहे.

एका चिमुरडीने मला विचारलं, “गुरजी, देव विहिरीत काऊन राह्यते?”

मग तिथेच कुंडाजवळच्या मोकळ्या जागेत बसून मी गोष्ट सांगितली. ती पुराणातली आहे. देवांचा राजा इंद्र. त्याच्या हातून एक मोठं पाप घडलं. गौतम ऋषींनी त्याला शाप दिला आणि त्याचं सगळं अंग व्याधीने भरून गेलं. ज्याच्याकडे ऐरावत, ज्याच्या हातात वज्र, तो राजा लाजेने तोंड लपवू लागला. वज्राचा काही उपयोग होईना. शेवटी त्याने चूक कबूल केली. तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की कदंब नगरीत जा आणि गणेशाची आराधना कर. हे कदंब म्हणजेच आजचं कळंब, असं मानतात. इंद्राने इथे तप केलं. गणेश प्रसन्न झाला. त्याने आपल्या अंकुशाने जमिनीवर प्रहार केला, तिथून पाणी उसळलं आणि त्या पाण्यात स्नान करून इंद्र बरा झाला. त्याची चिंता हरली, म्हणून हा चिंतामणी.

या कुंडाची आणखी एक गंमत आहे. काही वर्षांनी, लोक म्हणतात साधारण बारा वर्षांनी, कुंडातलं पाणी वाढत वाढत थेट गाभाऱ्यात येतं. देवाच्या पायांना लागतं आणि मग ओसरतं. लोक म्हणतात, गंगा आली! माझी आजी १९९५ सालची आठवण सांगायची. पाणी आल्याची बातमी पसरली आणि गावोगावची माणसं बैलगाड्या, ट्रक, मिळेल त्या वाहनाने कळंबला निघाली. आजी ओल्या पायाने देवापुढे उभी राहिली होती. ती म्हणायची, “आपन देवाच्या पाया पडतो. पन त्या दिवशी पानी बी त्याच्या पाया पडत होतं.”

आता मी पडलो मास्तर. भूगोल शिकवल्याशिवाय मला चैन पडत नाही! म्हणून मुलांना विचारलं, की पाणी वर कसं येत असेल? आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर थिजत गेले. हा दगड कठीण, पण त्याला भेगा असतात. पावसाचं पाणी या भेगांतून झिरपतं आणि खाली साठतं. चांगला पाऊस झाला, की विहिरींची पातळी वर येते. देऊळच जर विहिरीएवढं खोल असेल, तर तिथे पाणी येणारच. “म्हंजे गंगा नाई येत?” एकाने नाराजीने विचारलं. मी म्हणालो, “येते की. कुठून येते, ते भूगोल सांगतो. ती आल्यावर माणसाला काय वाटतं, ते आजी सांगते. दोघांचंही ऐकायचं.”

सगळे हसले. आणि तेव्हाच खिडकीजवळच्या त्या मुलाने, दिवसभरात पहिल्यांदाच, तोंड उघडलं.

“गुरजी, चिंतामणी म्हंजे चिंता घेनारा ना?”

“हो.”

“मंग आमचं वावर खरडून गेलं, तवा त्यानं काऊन नाई घेतली?”

एकदम सामसूम झाली. मुलं माझ्याकडे पाहू लागली. पालकहो, डी.एड.ला आम्हाला प्रश्न कसे विचारायचे ते शिकवतात. अशा प्रश्नाला उत्तर काय द्यायचं, ते कोणी शिकवत नाही. ‘देव परीक्षा पाहतो’ असं म्हणावं, असं एकदा जिभेवर आलं. पण नऊ वर्षांच्या पोराच्या बापाची परीक्षा कशाला पाहायची? मी खरं ते सांगितलं. “मला नाही माहीत रे बाळा.”

त्याने मान हलवली. रागावला नाही. दर्शनाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने खिशातून कापसाचं एक बोंड काढलं. वावराचा बांधाकडचा एक पट्टा पुरातून वाचला होता, त्यातलं ते. बोंड त्याने देवापुढे ठेवलं, हात जोडले आणि त्याचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मागची मुलं चुळबुळ करू लागली, तरी तो हलेना.

परत वर चढताना तो माझ्यासोबत होता. मी सहज विचारलं, “काय मागितलंस रे?”

“काई मागतलं नाई, गुरजी. फक्त सांगतलं.”

“काय सांगितलंस?”

तो एक पायरी थांबला. “बा रात्री वट्ट्यावर बसून राह्यते. झोपत नाई. कोनाशी बोलत नाई. मी बी जागाच राह्यतो. त्याले मालूम नाई.”

मुलांनो, त्या गार जागेतही मला घाम फुटला. पाच महिने हा मुलगा माझ्या वर्गात बसत होता. मी त्याच्या वहीवर ‘लक्ष नाही’ असा शेरा मारला होता. आणि हे पोरगं रोज रात्री आपल्या बापावर पहारा करत होतं.

मी त्याला विचारलं, “हे मी तुझ्या बाला सांगू का? तुला चालेल?”

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, “देवाले सांगतलं, तं तुमाले सांगाले काय झालं? सांगा.”

येताना बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती, भेंड्या लावत होती. मी मात्र त्याच्या त्या वाक्याचा विचार करत होतो. एकदा चिंतामणीजवळ बोलून झालं, म्हणून त्याला माझ्याशी बोलता आलं. पाच महिने दातात धरून ठेवलेली गोष्ट त्याने आधी अशा ठिकाणी सांगितली, जिथे कुणी हसणार नव्हतं, रागावणार नव्हतं, ‘लहान आहेस, गप्प बस’ म्हणणार नव्हतं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. एकटा नाही गेलो. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे. विदर्भातल्या मुलांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला झाला. हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव भजनं म्हणत फिरले आणि त्यांनी गावाने एकत्र बसून करायच्या सामुदायिक प्रार्थनेची गोडी लावली. महाराज १९६८ साली गेले. पण संध्याकाळ झाली, की आजही अनेक गावांत माणसं प्रार्थनेला रांगेने बसतात. या मुलाचे वडील आमच्या मंडळातले पट्टीचे खंजिरीवाले. पुरानंतर ते प्रार्थनेला यायचे थांबले होते. आम्ही म्हणायचो, ‘कामात असतील.’ पाहा, आम्हा मोठ्यांचीही कशी चूक होते!

मंडळातले दोघे जण माझ्यासोबत आले. खंजिरी खुंटीला टांगलेली होती. तिच्यावर धूळ. वडील म्हणाले, “काई नाई गुरजी, सगळं ठीक हाय.” चहा आला, चहा झाला. कुणी काही बोलेना. शेवटी मी म्हणालो, “दादा, तुम्ही रात्री वट्ट्यावर बसता, तेव्हा पोरगंही जागं असतं.”

त्यांनी एकदम मुलाकडे पाहिलं. मुलगा जमिनीकडे पाहत होता. आणि मग तो धिप्पाड माणूस रडला. बराच वेळ रडला. त्यानंतर एकेक गोष्ट बाहेर आली. बियाण्याची उधारी, बहिणीच्या लग्नातलं कर्ज. सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट मात्र ही, की बापजाद्यांची माती आपल्या हातून गेली. आजी पदराने डोळे पुसत म्हणाली, “बोलला रे बाप्पा, बोलला एकदाचा.”

पुढे जे झालं, ते चमत्कारासारखं एका रात्रीत झालं नाही. मंडळातल्या एकाने त्यांना मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे मनावरच्या ताणाबद्दल बोलणाऱ्या समुपदेशक बाई होत्या. पालकहो, ताप आला तर आपण दवाखान्यात जातो ना? झोप उडणं, बोलणं बंद होणं, सारखं हताश वाटणं, हेही दाखवण्यासारखं दुखणंच आहे. ‘टेली मानस’ नावाची सरकारी फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही लागतो. तो घरातल्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा. आणि मुलांनो, घरात कुणी असं गप्प झालेलं दिसलं, तर ते ओझं तुम्ही एकट्याने रात्री जागून वाहायचं नाही. आईला, आजीला, गुरुजींना, बाईंना, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगायचं. ती चुगली होत नाही.

मातीचं काय? मातीही मिळाली, पण दुसरीकडून. तलाव जुने झाले, की त्यांच्या तळाशी गाळ साठतो. पाणी मावत नाही. तो गाळ म्हणजे शेतातून वाहून आलेली सुपीक मातीच असते. तलावातला गाळ काढायचा आणि शेतात पसरायचा, अशी सरकारची एक योजना आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ असं तिचं नाव. २०२४ च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी जवळच्या तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणून त्यांच्या वावरात टाकला. डिझेलला पैसे कमी पडले, तेव्हा मंडळाने वर्गणी केली. दगड वेचायला आमची मुलं दोन रविवार गेली. सगळं वावर काही झाकलं गेलं नाही. निम्मं झालं. निम्मं अजून दगडाचंच आहे. कर्जही सगळं फिटलेलं नाही.

इथे मला गाडगेबाबांची आठवण होते. १८७६ साली शेंडगावला जन्मलेला हा आमच्या वऱ्हाडचाच संत. हातात खराटा घेऊन गावं झाडली, रात्री कीर्तन केलं आणि जमलेल्या पैशांतून गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. देवाच्या दारी आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर हवं, हे त्यांना कळलं होतं. देवाचा आसरा असतो, पण त्या आसऱ्याच्या भिंती बांधायला माणसांचे हात लागतात.

त्या मुलाच्या प्रश्नाला मात्र मी उत्तर देऊ शकलो नव्हतो. ते माझ्या मनात टोचत होतं. उत्तर शेवटी त्यानेच दिलं. दगड वेचताना आम्ही दोघं बांधावर पाणी प्यायला बसलो होतो. मी म्हणालो, “तू कळंबला विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर मला अजून सापडलं नाही बघ.”

तो म्हणाला, “पुराच्या रात्री आपन शाळेत होतो ना, गुरजी? पाऊस तं थांबलाच नोता. पन शाळा होती. म्हनून सकाळ झाली.”

एवढं बोलून तो पुन्हा दगड वेचायला गेला. मी फळ्यावर इतकी वर्षं सुविचार लिहितो आहे. पण त्याच्याएवढं नेमकं मला कधी लिहिता आलं नाही.

जून २०२४. पाऊस आला. गाळ टाकलेल्या निम्म्या वावरात तूर आणि पऱ्हाटी पेरली गेली. एका संध्याकाळी मी प्रार्थनेला गेलो, तर लांबूनच खंजिरी ऐकू आली. अजून हात बसलेला नव्हता, मधूनच ताल चुकत होता. पण गावाने डोळे मिटूनही ओळखलं, की खंजिरी कुणाच्या हातात आहे.

तो मुलगा आता मोठ्या शाळेत जातो, सायकलने. मध्यंतरी रस्त्यात भेटला. सायकल थांबवून म्हणाला, “गुरजी, यंदा सहल कुठं नेता?”

मी म्हणालो, “अजून ठरलं नाही. का रे?”

“कळंबले न्या. आन मले बी घेऊन चला. मी पैसे देतो.”

“अरे, तू तर पाहून आलास की!”

तेव्हा तो लाजत हसला. म्हणाला, “बा झोपते आता. तवा चिंता सांगतली होती, मंग हे सांगाले नको काय?”

तर बालमित्रांनो, यंदा आमची लालपरी पुन्हा कळंबला जाणार आहे. तुम्हीही या. वर कळस शोधू नका. चप्पल काढा, सावकाश खाली उतरा आणि पायऱ्या मोजायला विसरू नका. खाली पोहोचल्यावर काही मागायचं सुचलं नाही, तरी चालेल. जे कुणालाच सांगितलेलं नाही, ते सांगा. आणि वर आल्यावर घरातल्या एखाद्या माणसालाही सांगा.